उघड्या मोटारीस कठीण टप असावा काय?

मनुष्यास उन्हांत सावली हवी असते, व सावलींत बसल्यावर मोकळी हवा हवीशी वाटते. हा आपला स्वभाव गाड्या करणाऱ्या कारागिरांनीं फार पूर्वींच ओळखला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून एके काळीं ज्या व्हिक्टोरिया धांवत असत त्यांचा टप मागें दुमडतां येत असे. संध्याकाळीं वारा खात जावें, आणि पावसाची सर आली कीं टप वर ओढून घ्यावा, अशी ती सोय होती. पुढें घोड्याच्या जागीं एंजिन आलें; परंतु कांहीं मोटारींनीं ही सोय सोडली नाहीं. जिचा टप दुमडून मागें ठेवितां येतो अशा मोटारीस कन्व्हर्टिबल म्हणतात. ह्या लेखांत आम्ही तिला उघडी मोटार म्हणूं.

ह्या उघड्या मोटारींपैकीं ज्यांना आतां चाळीस, पन्नास, साठ वर्षें होऊन गेलीं आहेत त्या हौशी लोक मोठ्या मायेनें जतन करितात. अशा मोटारीच्या धन्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. दुमडणारा कापडी टप तर आहेच. त्याशिवाय वाटेल तेव्हां बसवावा व वाटेल तेव्हां उचलून काढावा असा, पत्र्याचा अथवा फायबरग्लासचा, कठीण टप घ्यावा काय? त्याचा खर्च सार्थकीं लागेल काय? प्रश्न लहान दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरांत वारा, पाऊस, गंज, वजन आणि मनुष्याची हौस ह्या सर्वांचा हिशेब येतो, आणि हिशेब चुकला तर चांगली गाडी हातची जाते. म्हणून विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाचा एक धडा म्हणून, व पालकांनीं प्रपंचांतील एक हिशेब म्हणून, हा प्रश्न आमच्याबरोबर तपासून पाहावा अशी विनंति आहे.

विचार नुसता हवेंत राहूं नये म्हणून आपण एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणूं. तो इंग्लंडांत राहतो असें समजा. त्याच्यापाशीं एम. जी. बी. जातीची जुनी उघडी मोटार आहे. ही मोटार १९६२ सालीं निघाली व १९८० सालापर्यंत अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यांत तयार होत होती. आजही ती हौशी लोकांजवळ पुष्कळ आढळते. ह्या गृहस्थाच्या मोटारीचा कापडी टप जुना होऊन गळूं लागला आहे, दारांखालचा पत्रा गंजूं लागला आहे, आणि कोणी एक जण त्याला कठीण टप विकावयास तयार आहे. हातीं असलेली रक्कम मात्र एकाच कामास पुरण्यासारखी आहे. त्यानें काय करावें? ह्या गृहस्थास आपण लेखाच्या शेवटीं उत्तर देऊं.

प्रथम हें पाहूं कीं मोटारी करणाऱ्या कारखान्यांनीं स्वतः ह्या प्रश्नाचीं कोणतीं उत्तरें दिलीं. आरंभीं बहुतेक मोटारी उघड्याच असत. अमेरिकेंत १९२० च्या सुमारासही उघड्या मोटारींचीच संख्या मोठी होती. परंतु १९३० साल उजाडेपर्यंत पारडें फिरलें व बंद मोटारी बहुसंख्य झाल्या. लोकांस थंडीवाऱ्यापासून निवारा हवा होता, व पत्र्याचीं बंद शरीरें स्वस्तांत करण्याची युक्ति कारखान्यांस साधली होती. तेव्हांपासून उघडी मोटार ही गरजेची वस्तु न राहतां आनंदाची वस्तु झाली. पण आनंदासही पाऊस चुकत नाहीं. म्हणून एकाच गाडीस दोन्ही सुखें देतां येतील काय, असा विचार सुरू झाला.

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५५ सालाची म्हणून जी थंडरबर्ड नांवाची दोन आसनांची मोटार काढली, तिच्याबरोबर फायबरग्लासचा काढतां येणारा टप मूळ किंमतींतच येत असे. दुमडणारा कापडी टप हवा असल्यास त्याचे पैसे वेगळे पडत. फायबरग्लास म्हणजे कांचेचे बारीक तंतू राळेंत बसवून केलेला पदार्थ. तो पोलादापेक्षां हलका असतो व गंजत नाहीं. परंतु ह्या टपांत एक उणीव राहिली. त्याच्या मागच्या बाजू रुंद व आंधळ्या असल्यामुळें चालविणाऱ्यास तिरप्या बाजूनें मागचें नीट दिसत नसे. १९५६ सालीं त्या बाजूंस जहाजाच्या खिडकीसारखी वाटोळी कांच बसवून देण्याची सोय करण्यांत आली. ती वाटोळी खिडकी आज शोभेची खूण मानली जाते. पण तिचा जन्म शोभेसाठीं झाला नाहीं, दृष्टि अडत होती म्हणून झाला. दोन आसनांची ही मोटार १९५७ पर्यंत निघाली, व त्या तीन वर्षांत ५३,१६६ गाड्या तयार झाल्या.

जर्मनींत मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९६३ च्या मार्च महिन्यांत जिनीव्हा येथील प्रदर्शनांत २३० एस. एल. ही मोटार मांडली. तिचा आकार पॉल ब्राक ह्यानें आंखला होता, व प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विचार करणारा बेला बारेन्यी हा तिच्या मागें होता. तिचा कठीण टप पाहून लोक चकित झाले. कारण इतर टप मध्यें फुगीर असतात, तर हा मध्यें किंचित् खोलगट व दोहों बाजूंस उंच होता. पूर्वेकडील देवळांच्या छपरांची आठवण होऊन लोकांनीं तिला ‘पॅगोडा’ हें टोपणनांव दिलें. ह्या आकाराचें कारण असें कीं बाजू उंच ठेविल्यानें खिडक्या मोठ्या झाल्या, दार उंच झालें व आंत शिरणें सोपें झालें. तरीही मधला भाग खालीं राहिल्यामुळें गाडी बोजड दिसली नाहीं. १९७१ पर्यंत तिच्या तीन आवृत्त्या मिळून ४८,९१२ गाड्या निघाल्या.

ह्याच पॅगोडाच्या एका प्रकारानें आपल्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धडा शिकविला आहे. १९६७ पासून ‘कॅलिफोर्निया कूपे’ नांवाचा एक प्रकार मिळूं लागला. त्यांत कापडी टप मुळींच नव्हता. तो जेथें दुमडून ठेवावयाचा ती जागा घेऊन मागें एक लहानसें बांक बसविलें होतें. टप एकच, तो म्हणजे कठीण. आतां विचार करा: सकाळीं आकाश स्वच्छ पाहून धन्यानें टप घरीं काढून ठेविला व तीस मैल गेल्यावर पाऊस आला, तर त्यानें काय करावें? कठीण टप गाडींत दुमडून नेतां येत नाहीं. तो एक तर डोक्यावर असतो, नाहीं तर घरीं असतो. मधली वाट नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखास तें चालून जाईल. सर्वत्र चालणार नाहीं.

इंग्लंडांतील ट्रायंफ कंपनीस हीच अडचण दिसली होती. १९६१ सालीं निघालेल्या तिच्या टी. आर. ४ ह्या मोटारीस एक चतुर टप मिळत असे. त्याची मागची कांच व तिची चौकट गाडीवर कायम राही, आणि डोक्यावरचा पत्र्याचा तुकडा तेवढा निघे. पण तो तुकडाही गाडींत मावत नसे! म्हणून त्याच्या जागीं ताणून बसविण्यास एक घडीचें आच्छादन व हलका सांगाडा मिळत असे. त्यास ‘सरी’ टप म्हणत. तुकडा घरीं ठेवावा, घडी बरोबर न्यावी, व पाऊस आल्यास ती ताणावी. म्हणजे पाहा, कठीण टप काढून घराबाहेर पडणाऱ्यास शेवटीं कापडच तारतें. कापडी टप ही छत्री आहे व कठीण टप हें घराचें छप्पर आहे. छत्री बरोबर नेतां येते. छप्पर बरोबर नेतां येत नाहीं. ज्याला दोन्ही हवीं असतील त्यानें छप्पर घेतांना छत्री टाकून देऊं नये.

आतां कठीण टपाचे फायदे पाहूं, व ते कां होतात हेंही पाहूं.

पहिला फायदा शांततेचा. मोटार वेगानें धांवूं लागली कीं तिच्या टपावरून जाणारी हवा अधिक वेगानें वाहते, व तिचा दाब कमी होतो. आंतील हवेचा दाब त्या मानानें अधिक राहतो. त्यामुळें कापडी टप आंतून वर फुगतो, फडफडतो, व शिवणींतून वारा शिरतो. वादळांत घरावरचे पत्रे वर उचलले जातात त्याचें एक कारण हेंच आहे. कठीण टप फुगत नाहीं; म्हणून लांबच्या प्रवासांत कानांस व डोक्यास पुष्कळ विश्रांति मिळते, आणि शेजारच्या माणसाशीं ओरडून बोलावें लागत नाहीं.

दुसरा फायदा दृष्टीचा. जुन्या कापडी टपांना मागें पुष्कळदां मऊ प्लॅस्टिकची खिडकी असते. ती उन्हानें पिवळी पडते, घडीमुळें तिच्यावर रेघा उठतात, व कालांतरानें तिच्यांतून धुकें पाहिल्यासारखें दिसतें. कठीण टपास खरी कांच असते. मागून येणारें वाहन नीट दिसणें ही चैन नव्हे, सुरक्षितता आहे.

तिसरा फायदा उबेचा व चौथा बंदोबस्ताचा. थंड देशांत हिंवाळ्यांत कापडाच्या आंत ऊब टिकत नाहीं. तसेंच कापड चाकूच्या एका फटकाऱ्यानें फाटतें. पत्रा फाटत नाहीं. ज्याची गाडी रात्रीं रस्त्यावर उभी राहते त्याला ह्याचें मोल अधिक.

पांचवा फायदा पुष्कळ जण सांगतात तो मजबुतीचा. येथें विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. बुटांचें पुठ्ठ्याचें रिकामें खोकें घ्या. झांकण काढून त्याचीं दोन टोकें विरुद्ध दिशांस पिरगळा. तें सहज पिरगळतें. आतां झांकण नुसतें वर ठेवून पिरगळा. थोडासा फरक पडेल. नंतर झांकण चारी कडांस डिंकानें पक्कें चिकटवून पिरगळा. आतां तें जवळजवळ हालणार नाहीं. बंद मोटार म्हणजे चिकटविलेल्या झांकणाचें खोकें, व उघडी मोटार म्हणजे बिनझांकणाचें. म्हणूनच खडबडीत रस्त्यावर उघड्या मोटारीची पुढची कांच व दारें थरथरतात. काढता टप केवळ दोनचार ठिकाणीं खटक्यांनीं व मळसूत्रांनीं बसविलेला असतो. तो ह्या दोहोंच्या मधला. थरथर कांहींशी कमी होते, पण गाडी बंद मोटारीइतकी ताठ होत नाहीं.

ह्या ठिकाणीं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. डोक्यावर पत्रा आला म्हणजे गाडी उलटली तरी आपण सुरक्षित, असें कित्येकांस वाटतें. हें मानून चालूं नये. खटक्यांवर बसविलेला टप हा वारापाऊस अडविण्यासाठीं असतो. उलटलेल्या गाडीचा भार पेलण्यासाठीं वेगळे मजबूत खांब लागतात. टप बसविला म्हणून वेग वाढविणारा मनुष्य छत्रीच्या भरंवशावर पुरांत उतरणाऱ्यासारखा होय.

आतां खर्चाची बाजू. टप विकत घेण्याची किंमत ही खर्चाची केवळ पहिली ओळ आहे.

एक तर तो जड व अवघड असतो. पत्र्याचा टप एकट्यानें उचलूं नये; दोन माणसें लागतात, व तीं सावकाश चालणारीं असावीं लागतात, नाहीं तर गाडीचा रंग खरवडला जातो. एकटा मनुष्य मोटारखान्याच्या तुळईस कप्पी व दोर बांधून तो वर ओढून ठेवतो. पण त्यासाठीं तुळई मजबूत हवी व गाडी रोज बरोबर तिच्याखालीं उभी करितां आली पाहिजे. काढलेला टप कोठें ठेवणार, ह्याचें उत्तर विकत घेण्यापूर्वीं मिळालें पाहिजे. भिंतीशीं कसाबसा टेकून ठेविलेला टप घसरून त्याची कांच फुटते, किंवा स्वतःच्या भारानें त्याच्या कडा दबतात. तसेंच टपाचें वजन गाडीच्या सर्वांत उंच भागीं पडतें, त्यामुळें वळणावर गाडी किंचित् अधिक कलते. सामान्य माणसास हा फरक जाणवणारही नाहीं. तरी तो आहे.

दुसरें, टप नीट बसला पाहिजे. ह्या जुन्या मोटारींच्या जोडणींत हाताचें काम पुष्कळ असे, व एकाच जातीच्या दोन गाड्यांतही केंसाएवढा, कधीं बोटाएवढा, फरक पडे. म्हणून दुसऱ्या गाडीवरचा टप आपल्या गाडीवर आणला तर तो बसेलच असें नाहीं. कडेची रबराची पट्टी जुनी होऊन कडक झाली असेल तर पाणी आंत येतेंच, व नवा टपही गळतो. पत्र्याच्या टपाच्या खालच्या कडा व पन्हळी गंजतात. फायबरग्लासचा टप गंजत नाहीं, पण त्याच्या वरच्या थरास कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. विकत घेतांना ह्या जागा बोट फिरवून पाहाव्या.

तिसरा खर्च डोळ्यांस न दिसणारा आहे, व आमच्या मतें तोच सर्वांत मोठा. कठीण टप चढविला कीं त्याच्याखालीं दुमडलेला कापडी टप सहा सहा महिने तसाच पडून राहतो. तो ओला असतांना दुमडला गेला असेल तर त्यास बुरशी धरते. कोरडा असला तरी घड्या पक्क्या होतात व कापड आंखडतें. वसंतांत धनी तो उघडूं जातो, तों तो पुढच्या कांचेपर्यंत पोंचत नाहीं! म्हणजे छप्पर घेतलें आणि छत्री गमावली. ज्या टपांच्या आंत अस्तर नसतें अशांच्या थंड पृष्ठभागावर प्रवाशांच्या श्वासांतील वाफ निवून तिचे थेंब होतात व ते खालीं गालिच्यांत मुरतात. गालिच्याखालचा पत्रा ओला राहिला कीं गंज आंतून सुरू होतो. बाहेरून गाडी सुरक्षित दिसते, आणि तळ मात्र पोखरत असतो.

ह्यास आणखी एक कडी जोडावयाची आहे. इंग्लंडांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यानें लोखंड किती लवकर गंजतें हें कोंकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस सांगावयास नको. कापडी टपाची गाडी असती तर धन्यानें थंडीच्या भयानें ती घरींच ठेविली असती. कठीण टप मिळाला म्हणून तो तिला हिंवाळ्यांत बाहेर काढतो. आणि चाकांनीं उडविलेलें मिठाचें पाणी गाडीच्या पोटांत शिरतें. अशा रीतीनें जी वस्तु गाडीच्या रक्षणार्थ घेतली तीच तिच्या नाशाचें निमित्त होते. ह्याचा अर्थ हिंवाळ्यांत गाडी चालवूंच नये असा नव्हे. चालविल्यास तिचें पोट वेळोवेळीं गोड्या पाण्यानें धुवावें, व तो त्रास हिशेबांत धरावा.

कोणी विचारील, मग ह्यांतून सुटण्यास दुसरा मार्ग नाहीं काय? दोन आहेत. एक मार्ग असा कीं ज्याला टप कधींच काढावयाचा नाहीं त्यानें उघडी मोटार घेऊंच नये. एम. जी. बी. चीच जी. टी. नांवाची बंद बहीण १९६५ सालीं निघाली. जग्वार कंपनीच्या प्रसिद्ध ई-टाइप मोटारीचे तर उघडा व बंद हे दोन्ही प्रकार १९६१ सालींच उपलब्ध झाले. तिचें छप्पर चिकटविलेल्या झांकणाचें आहे. तें गळत नाहीं व थरथरत नाहीं. बाराही महिने कठीण टप चढवून फिरणारा मनुष्य बंद मोटारीचें काम उघड्या मोटारीकडून अधिक खर्चानें करून घेत असतो.

दुसरा मार्ग यंत्राचा. कठीण छप्परच दुमडून गाडीच्या मागच्या पेटींत जावें अशी युक्ति फ्रान्समध्यें प्यूजो कंपनीच्या कांहीं मोटारींत १९३० नंतरच्या दशकांतच झाली होती; पुढें फोर्डनें १९५७ ते १९५९ ह्या काळांत स्कायलायनर नांवाची तशी मोटार विकली, व मर्सिडीजच्या एस. एल. के. नें १९९६ पासून ही युक्ति पुन्हां लोकप्रिय केली. परंतु दुमडलेलें छप्पर सामानाची जागा खातें, व त्याचें यंत्र बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. शिवाय ज्याच्या घरीं जुनी मोटार आहे त्याला ती बदलून हें मिळत नाहीं. त्याला आहे त्या गाडीचाच विचार करणें प्राप्त आहे.

आपल्या इकडे जुन्या उघड्या मोटारी बाळगणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. मुंबईस पावसाळ्यांत सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. असा पाऊस पाहून कठीण टप अवश्य हवा असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु जपून वागणारा धनी त्या महिन्यांत जुनी मोटार बाहेर काढीत नाहीं. आणि थंडीपासून ऊब हा जो ह्या टपाचा मुख्य लाभ, त्याचें मुंबईंत फारसें प्रयोजन नाहीं. उलट दमट हवेंत टप लावून, खिडक्या मिटून चार महिने उभी ठेविलेली गाडी आंतून बुरसते. म्हणून येथें पहिला पैसा कोरड्या, हवेशीर मोटारखान्यावर व चांगल्या कापडी टपावर खर्च व्हावा. पावसाळ्यांतही कोरडा दिवस पाहून खिडक्या उघडाव्या व दुमडलेलें कापड ताणून वारा द्यावा. हें काम फुकट होतें, आणि गाडीचें आयुष्य ह्यानेंच अधिक वाढतें.

मग कठीण टप कोणी घ्यावा? ज्याच्या देशांत थंडी कडक आहे व जो गाडी बारमास चालवितो त्यानें. ज्याला लांबचे प्रवास वेगानें करावे लागतात त्यानें. ज्याची गाडी रात्रीं उघड्यावर राहते त्यानें. मात्र टप ठेवावयास कोरडी जागा व उचलावयास दुसरा हात जवळ असला पाहिजे. ज्याच्या गाडीबरोबर कारखान्यांतून आलेला मूळचा टप आहे त्यानें तर तो जपावाच. जागा अडते म्हणून तो वेगळा विकूं नये, कारण तितका नीट बसणारा टप पुन्हां मिळणें कठीण. परंतु जो केवळ स्वच्छ दिवशीं चार कोस फिरावयास जातो त्याला चांगला कापडी टप पुरेसा आहे. हौसेला मोल नसतें हें खरें. पण हौसेच्या नांवाखालीं भिंतीशीं धूळ खात पडणाऱ्या वस्तूला मोल पडतेंच.

आतां आपल्या इंग्लंडांतील गृहस्थाकडे वळूं. त्याच्या मोटारीचा दारांखालचा पत्रा गंजूं लागला आहे असें आम्ही म्हटलें होतें. एम. जी. बी. मोटारीस वेगळा सांगाडा नाहीं; तिचें शरीर हाच तिचा सांगाडा आहे, आणि उघड्या गाडींत बिनझांकणाच्या खोक्याचा ताण बव्हंशी दारांखालच्या ह्या दोन उंबऱ्यांवर पडतो. ते पोखरले तर गाडी मध्यें वांकूं लागते व दारें नीट लागत नाहींत. अशा गाडीवर कठीण टप बसविला तर थरथर कांहींशी दबेल, धन्यास गाडी सुधारल्याचा भास होईल, आणि खालचा गंज आणखी एक वर्ष निर्वेधपणें आपलें काम करील. म्हणून त्यानें पहिली रक्कम उंबऱ्यांच्या दुरुस्तीस द्यावी. पुढच्या वर्षीं नवा कापडी टप घालावा. त्यानंतर पैसा व जागा दोन्ही उरलीं, आणि हिंवाळ्यांत गाडी चालविण्याची खरोखर इच्छा असली, तर कठीण टप आनंदानें घ्यावा. आधीं उंबरा, मग कापड, मग कठीण टप, हा क्रम आहे. विकणारा तोंवर थांबणार नाहीं हें खरें. पण टप दुसरा मिळेल, उंबरा गेल्यावर गाडी मिळणार नाहीं.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असा दाखला शुभवर्तमानांत आला आहे. त्या दाखल्यांत पैसे पुरतील काय एवढाच प्रश्न नाहीं. पाया घालून वरचें काम अर्धें राहिलें तर लोक हंसतील, असाही इशारा आहे. जुन्या मोटारीच्या धन्याची चूक उलट्या बाजूची असते: तो पाया तसाच सोडून छप्पर आधीं चढवितो, कारण छप्पर सर्वांस दिसतें व पाया कोणास दिसत नाहीं. विद्यार्थी मित्रांनो, ही चूक केवळ मोटारवाल्यांचीच आहे असें समजूं नका. परीक्षेच्या आदल्या रात्रीं वहीला नवें वेष्टन घालणारा विद्यार्थी आम्हीं पाहिला आहे, व ज्या घराची भिंत ओली आहे तिच्यावर रंग देणारे वडीलधारेही आम्हांस ठाऊक आहेत. वस्तु चांगली असणें वेगळें, व ती आज आपल्या कामाची असणें वेगळें. कठीण टप ही चांगली वस्तु आहे. ती केव्हां घ्यावी हें मात्र गाडीच्या तळाशीं वांकून पाहिल्यावरच ठरवावें.